शेवटच्या डब्याचे हातमोजे

तीर्थस्वरूप भाऊजींना त्यांच्या धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (बसच्या सीटवर बसून जेवढा घालता येतो तेवढाच घातला आहे. उरलेला घरी आल्यावर.) कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही स्वतः करता, की ते कसे करायचे हे ताईला समजावून सांगता? आम्ही इथे सगळे सुखरूप आहोत. हे पत्र कागदावर लिहून त्याचे फोटो ताईच्या फोनवर पाठवतो आहे. तिने ते तुम्हाला जेवण झाल्यावर वाचून दाखवावं, आधी नाही. खरं तर फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पूर्ण करू देत नाही, आणि या वेळची माझी वाक्यं लांब आहेत.

परवा तुम्ही म्हणालात की आमच्या सामन्याचा तो व्हिडिओ पाहिल्यावर बोलण्यासारखं काही उरलंच नाही. तुमची कन्या (इथे सगळी टीम तिला शिडी म्हणते. उंचीमुळे. नाव मी ठेवलेलं नाही) घरी आली की तिचे गोलकीपरचे हातमोजे माळ्यावर जाणार आणि फुटबॉल कायमचा बंद. ताईकडून असंही कळलं की जुना टेबलफॅन बाजूला सरकवून तुम्ही माळ्यावर जागासुद्धा करून ठेवली आहे. (कंबर दुखत असताना माळ्यावर कोण चढतं?) आता तुम्ही शब्दाचे पक्के, आणि निघताना तुम्ही सर्वांसमक्ष बजावलं होतं की हा दौरा पाहू आणि मग ठरवू. तेव्हा तुम्ही ठरवायला मोकळे आहात. पण व्हिडिओत जे दिसतं ते मधलं आहे. आधीचं आणि नंतरचं मी सांगतो.

मला या दौऱ्यावर तुम्हीच पाठवलंत. मामा सोबत असेल तरच पोरगी परदेशात जाईल, असं तुम्ही कोच बाईंना सांगितलंत आणि मी सामान सांभाळणारा म्हणून बसमध्ये चढलो. माझी सगळी नोकरी मालगाडीचा गार्ड म्हणून गेली हे तुम्हाला ठाऊक आहेच. मालगाडीचे डबे गुणी असतात. ते मध्येच उतरून आइस्क्रीम घ्यायला जात नाहीत, कबुतरांमागे धावत नाहीत आणि आरसा दिसला की थांबत नाहीत. पहिल्याच शहरात, मोठ्या चौकात, अठरा मुली बघता बघता अठरा दिशांना पांगल्या आणि माझी पाचावर धारण बसली. कोच बाई मैदान बघायला पुढे गेल्या होत्या. मग मी खिशातून माझी जुनी शिट्टी काढली आणि नियम घालून दिला. दोन छोट्या शिट्ट्या वाजल्या की हातातलं असेल ते टाकायचं, धावत यायचं, जोडीजोडीने उभं राहायचं आणि मोजणी होईपर्यंत हलायचं नाही. गाडीच्या शेवटच्या डब्यावर पाटी असते, ती दिसली की स्टेशनमास्तर समजतो, गाडी पूर्ण आली. म्हणून रांगेतल्या शेवटच्या मुलीच्या सॅकला मी लाल रुमाल बांधला. हे काम शिडीने आपणहून घेतलं. म्हणाली, "मामा, मला मागेच उभं राहायची सवय आहे. मागून सगळ्या दिसतात." रांगेच्या शेवटी तिने हात वर करायचा, आणि तिच्यापर्यंत मोजणी झाली की आम्ही निघायचं.

पद्धत उत्तम चालली, हे मी अभिमानाने सांगतो. नदीकाठी चालली, किल्ल्यात चालली, बुटांच्या दुकानातसुद्धा चालली (तिथून मुली काढणं म्हणजे काय ते ताईला विचारा). एका चित्रसंग्रहालयात जरा गडबड झाली. शिट्टी वाजताच आमच्या मुली रांगेत आल्याच, पण त्यांच्यामागे एक अनोळखी आजी-आजोबासुद्धा हातात हात घालून उभे राहिले. मी मोजले तर दोन डबे जास्त. त्यांना आमची भाषा येईना, आम्हाला त्यांची. ते बसपर्यंत आले, ड्रायव्हरने त्यांना पाणी दिलं आणि त्यांची वाट दाखवली. जाताना आजोबांनी माझा हात बराच वेळ हलवला. संग्रहालयाच्या पहारेकऱ्याने मात्र मला दारापर्यंत पोचवलं, तेही जरा जास्तच आपुलकीने.

आता तो सामना. तिथे एकाला एक लागून चार मैदानं होती आणि चारही मैदानांवर खेळ चालू होता. शून्य-शून्य चाललं होतं. शिडीने तोवर असे काही गोल अडवले होते की पलीकडच्या मुलींचे पालकसुद्धा टाळ्या वाजवत होते. (हे व्हिडिओत नाही. ज्या गृहस्थाने तो काढला तो तोपर्यंत सँडविच खात होता.) आणि शेजारच्या मैदानावरच्या पंचाने, कशासाठी ते त्याचं त्याला माहीत, दोन छोट्या शिट्ट्या वाजवल्या. भाऊजी, आमच्या पोरींनी क्षणभरही विचार केला नाही. जिच्या पायाशी चेंडू होता तिने तो सोडला. बाकावरच्या राखीव मुली उठल्या, त्यातल्या एकीच्या पायात एकच बूट होता. सगळ्या धावत कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी आल्या आणि जोडीजोडीने उभ्या राहिल्या. समोरच्या टीमची एक मुलगी चेंडू घेऊन एकटीच उरली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आपल्या पंचाकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. मग तिने अगदी संकोचाने, दार न वाजवता कुणाच्या घरात शिरावं तसा, चेंडू रिकाम्या गोलात ढकलला. शिडी रांगेच्या शेवटी हात वर करून उभी होती. आणि मी, खोटं कशाला सांगू, मोजत होतो. मोजणी बरोबर निघाली.

आम्ही एक-शून्यने हरलो. कोच बाईंनी नंतर शांतपणे विचारलं की हे कुणाचं डोकं? सगळ्या मुली बुटांकडे बघायला लागल्या. मीही माझ्या बुटांकडे बघत होतो, तेवढ्यात शिडी म्हणाली, "मी आधी पळाले, बाई. माझं बघून बाकीच्या आल्या." आता व्हिडिओ परत लावा आणि नीट बघा. ती सगळ्यात शेवटी निघाली आहे. बाकीच्या अर्ध्या वाटेत पोचल्या तरी ही गोलातच उभी होती आणि चेंडूकडे बघत होती. मग सगळ्या रांगेत आणि आपणच बाहेर, हे तिला बघवलं नसावं. तुम्हालाही फोनवर तिने तेच सांगितलं आणि तुम्ही ते खरं धरलंत. माझी पद्धत चुकीची नव्हती, जागा चुकली, असं माझं अजूनही मत आहे. पण त्या रात्री जेवण काही मला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "मामा, शिट्टी घ्या आणि माझ्या गोलामागे उभे राहा. आम्ही खेळतो, तुम्ही वाजवत राहा." मी वाजवत राहिलो. सुरुवातीला दर शिट्टीला सगळ्या दचकायच्या, दोघी-तिघी धावायच्याच, आणि ही मागून ओरडायची, "परत चला, चेंडू कुठे आहे?" दुपारपर्यंत माझे गाल दुखायला लागले आणि एकही पोरगी मान वळवेना. कोच बाई लांबून बघत होत्या. त्यांना सगळं कळलं असावं.

शेवटचा सामना काल झाला. शेजारच्या मैदानावर शिट्ट्या वाजतच होत्या. आपली एकही मुलगी हलली नाही. अगदी शेवटी समोरच्या टीमला पेनल्टी मिळाली. मी डोळे मिटून घेतले (गाडी बोगद्यात शिरली की मिटायची सवय आहे), आणि उघडले तेव्हा शिडी जमिनीवर आडवी होती आणि चेंडू तिच्या पोटाशी होता. सामना बरोबरीत सुटला. या दौऱ्यात आम्ही न हरलेला हा एकमेव सामना, पण पोरी अशा नाचल्या की जणू सगळे जिंकलो. खेळ संपल्यावर समोरची गोलकीपर आपणहून हिच्यापाशी आली, तिने आपले हातमोजे काढून हिला दिले आणि हिने आपले तिला. मला तर भरून आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

आज सकाळी उंच मनोऱ्याखालच्या चौकात मी नेहमीप्रमाणे दोन शिट्ट्या वाजवल्या. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवल्या. एक कुत्रा आला. मुली म्हणतात, आता त्यांना माझी शिट्टी ऐकूच येत नाही. शेवटी शिडीने नुसता हात वर केला आणि सगळ्या आपोआप जमल्या. मोजणीही तिनेच केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाकी सर्व ठीक. ताईला नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा. विमानतळावर येऊ नका, कंबर जपा.

आपला,
मेहुणा (माजी गार्ड, माजी मोजणीदार)

ता. क. : कोच बाईंना पुढच्या वर्षी तिला कर्णधार करायचं आहे. म्हणाल्या, आधी वडिलांचा होकार हवा. शिडी तुम्हाला विचारायला घाबरते आणि मीही घाबरतो, म्हणून एवढं लांब पत्र. फक्त "बरं" एवढंच ताईच्या फोनवरून पाठवलंत तरी चालेल.

आणखी एक : तुम्ही शब्दाचे पक्के आहात म्हणून आठवण करून देतो. तुम्ही "तिचे हातमोजे" माळ्यावर टाकणार म्हणाला होतात. ते हातमोजे इथेच राहिले. ती घेऊन येते आहे ते दुसऱ्याच मुलीचे आहेत, आणि परक्याची वस्तू तुम्ही माळ्यावर टाकणार नाही.

शेवटचं : माळ्यावर केलेली जागा वाया घालवू नका. तिथे माझी शिट्टी ठेवू. ती ठेवायला तुम्ही चढू नका, लेकीला सांगा. निघायच्या आदल्या दिवशी मी बघितलं, तिने माळ्यावरची सुटकेस जमिनीवर उभं राहूनच खाली घेतली. माळ्यावर ठेवलेलं काहीही काढायला तिला आता स्टूल लागत नाही, भाऊजी.