तोंडवलीचं अज्ञात वाहन

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. पुढे कोणी काही विचारलं तर तारखा हाताशी हव्यात.

बाबांच्या फियाटला अपघात. मागचं उजवं मडगार्ड आत गेलं, दिवा फुटला, बंपर लोंबतोय. सत्तावन्न वर्षांची गाडी. धडक बसली तेव्हा ती उभी होती. निदान धडकेनंतर तरी नक्की उभी होती.

आमचा शेजारी बाळा याने कंपाउंडसाठी आणलेले जांभ्याचे तांबडे चिरे आमच्या गेटसमोर रचून ठेवलेत, एवढी नोंद करून ठेवते. बाकी त्याचा काही संबंध नाही.

बाबा आत झोपले होते. आवाज आला का, विचारलं. म्हणाले, नारळ पडलो मां? मी म्हटलं, हो.

३ नोव्हेंबर, सोमवार
शाळेत शिकवून आल्यावर विम्याचा फॉर्म भरला.

मार्चमध्ये बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली तेव्हा धाकटा भाऊ सुशांत पुण्याहून फोनवर हसला होता. ताईला रिव्हर्स येत नाही, वर्षभरात गाडी भंगारात जाईल, त्यापेक्षा मला द्या. बाबा म्हणाले, ती सांभाळतली. शेहेचाळीस वर्षांत ते माझ्याबद्दल याहून मोठं काही बोलल्याचं आठवत नाही.

रिव्हर्स मला येतो. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे आणि तो स्वतःचं डोकं चालवतो.

फॉर्ममध्ये 'अपघात कसा झाला' या रकान्यात लिहिलं: गाडी तोंडवलीच्या किनाऱ्यावर उभी असताना अज्ञात वाहनाने मागून धडक दिली. हे खोटं नाही. तोंडवलीला सुट्टीत पर्यटकांच्या एवढ्या गाड्या येतात, त्यातली एखादी कोणाला तरी धडकतच असणार. 'चालकाचे नाव' या रकान्यात: लागू नाही.

स्वतःच्या चुकीने ठोकली म्हटलं तर कोण पैसे देणार? एवढं कळतं मला.

६ नोव्हेंबर, गुरुवार
बाळाच्या ढिगातल्या एका चिऱ्याला निळा रंग लागलाय. आमच्या गाडीसारखाच निळा. योगायोग. तरी लोक काय वाटेल ते म्हणतात म्हणून तो चिरा उचलून मागच्या पडवीत आणला, रंगाची बाजू खाली. कंबर धरली.

संध्याकाळी बघते तर बाबा त्या चिऱ्यावर बसून सुपारी कातरतायत. बसाक बरो आसा, म्हणाले. आणखी काही नाही. त्यांना काहीच माहीत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
कंपनीचा सर्व्हेअर आला. विनीत नाव. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, रत्नागिरीच्या ऑफिसातून आलेला. बोलणं एकदम पुस्तकी. अशा माणसांपासून सावध.

गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. बॉनेटवर हात फिरवला. गोठ्यात गाय बघायला आलेलं गिऱ्हाईक फिरवतं तसा. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली: गाडी याला स्वतःलाच हवी आहे.

मग त्याने पोच्यात बोट घातलं. बोट लाल. विचारतो, मॅडम, तोंडवलीची वाळू पांढरी ना? मी म्हटलं, हो, पण धडक देणारा डंपर असणार. तो म्हणाला, चिऱ्याचा डंपर? मी म्हटलं, चिऱ्याचाच! तो म्हणाला, किनाऱ्यावर? मी म्हटलं, हल्ली कोण कुठे काय नेईल सांगता येत नाही. त्याने लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होता.

बाबली मेकॅनिक शेजारीच उभा होता, तोंड उघडायच्या बेतात. त्याला मालवणीत बजावलं, तू गप रव, शेरातलो मनीस तो, ह्येका काय कळाचा नाय. सर्व्हेअर खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता.

गाडीची किंमत विचारली. माझ्या मते सात लाख. मुंबईत अशीच एक गेल्याचं मोबाइलवर वाचलंय. पॉलिसीवर चाळीस हजार. खाली सही माझी. एजंटने घाई केली असणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार
विचार करता करता लक्षात आलं: बाळाकडे डंपर आहे! आणि तो चिरेच वाहतो! इतके दिवस मी त्याच्याकडे साध्या नजरेने बघत होते.

शाळेतून लवकर निघून टेपने त्याच्या डंपरच्या बंपरची उंची मोजली. आमच्या गाडीच्या टपाला लागते. पोचा आहे गुडघ्याच्या खाली. डंपर खड्ड्यात असेल.

तेवढ्यात बाळा मागे येऊन उभा. म्हणाला, बाई, माप कशाक घेतास? माझ्या डंपराक झबला शिवतास? त्याची बायको दिव्या दारातून म्हणाली, हिरव्या रंगाचा शिवा हां बाई, तेका शोभतला. दोघंही हसली. अपराधी माणसं अशीच हसतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार
गाडी बाबलीच्या गॅरेजला. नेण्याआधी प्रत्येक मूळ पार्टवर मागच्या बाजूने नेलपॉलिशचा ठिपका दिला. हबकॅप, दिव्यांच्या रिंगा, आरसा, सगळं. बदलाबदली केली तर सापडेल.

दुपारी अचानक जाऊन बघितलं. सर्व्हेअर तिथे! बाबली आणि तो डोक्याला डोकं लावून कुजबुजत होते. मला बघताच गप्प. बाबलीच्या कागदावर खर्चाचा तेहतीस हजारांचा आकडा खोडून अठ्ठावीस केलेला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे स्वस्तातले पार्ट टाकणार, मूळचे विकणार, पैसे वाटून घेणार. सगळं स्पष्ट आहे.

बाबलीने वर विचारलं, बाई, गाडयेची पण नखां रंगवलास? मी ठिपके मोजून घेतले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
रजा टाकून कणकवली. हायवेवरच्या काचेच्या शोरूमसारख्या गॅरेजमधून दुसरा अंदाज आणला. फोटो दाखवले. बहात्तर हजार! याला म्हणतात किंमत. त्या लोकांनी गाडीचा मान ठेवला. चहाही दिला.

तो कागद विनीतला न सांगता थेट कंपनीला पाठवला. रजिस्टर्ड पोस्टाने. पाठवताना फार हलकं वाटलं. एसटीत बसायला जागाही मिळाली.

२४ नोव्हेंबर, सोमवार
कंपनीचं पत्र. चार वेळा वाचलं.

दुरुस्तीचा खर्च विम्यावरच्या किमतीच्या पाऊण हिश्श्याच्या वर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. चाळीस हजारांचा पाऊण हिस्सा तीस हजार. मी स्वतःहून बहात्तरचा कागद दिलेला. म्हणजे कंपनी थोडे पैसे देणार आणि गाडी भंगारवाल्याला जाणार. आठ दिवसांत संमती द्यावी.

अठ्ठावीस तिसाच्या आत येतं. तेहतीस येत नाही.

यावर आज विचार करणार नाही.

सुशांतच्या ओळखीचं कोणी विमा कंपनीत आहे का, याची चौकशी केली पाहिजे.

बाबांना पत्र दाखवलं नाही. जेवताना म्हणाले, गाडी कधी येतली गो? गेटाकडे मोकळा मोकळा दिसता. मी म्हटलं, पार्ट मागवलेत. भात संपवून उठले. मला जेवण गेलं नाही, पण ते तिखटामुळे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
उपाय सापडला.

परवा गावच्या रवळनाथाची जत्रा. आमच्या घराण्याचा तिथे मान आहे. विनीतला फेरतपासणीच्या निमित्ताने त्याच दिवशी सकाळी बोलवायचं. गावासमोर बाबांचा मान बघितला, की ही माणसं खोटं बोलणारी नाहीत हे त्याच्या मनावर ठसेल. मग पत्र मागे घेण्याबद्दल हळूच सुचवायचं. फोन केला. लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच का?

२७ नोव्हेंबर, गुरुवार
जे झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी नऊला विनीत देवळात आला. त्याला पुढे, चांगल्या जागी उभं केलं. बाबांनी नारळ ठेवला. मला वाटलं, दरवर्षीसारखं पीकपाण्याचं गाऱ्हाणं. बाबा गुरवाच्या कानाशी लागले. बराच वेळ.

गुरवाचा आवाज म्हणजे गावाचा लाउडस्पीकर. त्याने सुरू केलं, बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्या तुझ्या म्हाताऱ्यान आज तुझ्या पायाकडे नारळ ठेयलो आसा! सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा! मीही म्हणाले.

तेच्या चेडवान गाडी मागे घेताना बाळाच्या चिऱ्यांर घातल्यान! चेडू म्हणजे मुलगी. म्हणजे मी.

व्हय म्हाराजा!

आणि भियान तोंडवलीचा नाव सांगल्यान!

व्हय म्हाराजा! बाळा सगळ्यांत मोठ्याने.

चेडू वायट नाय म्हाराजा, भियाळू आसा. बापाशीक काय वाटात म्हणान भिता. तिका खरा बोलूची बुद्धी दी, गाडी ऱ्हवली ऱ्हवली, गेली गेली, पण तेच्यापायी चेडवाच्या घशाखाली घास उतरना नाय, तो उतरान दी!

व्हय म्हाराजा!

देवासमोर खोटं गाऱ्हाणं घालत नाहीत. हे मी कसं विसरले? बाबा माझ्याकडे बघत नव्हते. देवाकडे बघत होते.

मी विनीतकडे बघितलं. शेवटचा आधार: पुस्तकी माणूस, मालवणी कळत नाही. विनीत हात जोडून, डोळे मिटून, अगदी ठेक्यात 'व्हय म्हाराजा' म्हणत होता. हा ठेका शिकवून येत नाही.

प्रसाद घेताना विचारलं, तुमचं घर कुठे? म्हणाला, आंबोलीक, बाई.

मग बाहेर पायरीवर बसून त्याने सांगितलं. शांतपणे, मुलांना गणित समजवावं तसं. स्वतःच्या चुकीने ठोकली तरी पैसे मिळतात. त्याचसाठी तर सक्तीच्या विम्याच्या वरचा जादा हप्ता घेतात. 'रिव्हर्स घेताना चिऱ्यांवर आपटली' एवढं लिहिलं असतं तर दोन आठवड्यांत काम झालं असतं. बाबलीला सांगून मजुरी कमी करून घेतली ती गाडी भंगारात जाऊ नये म्हणून. विनीतच्या आजोबांकडेही अशीच फियाट होती, ती गेली. आता मात्र खोटं लिहून दिल्यावर त्याच्या हातात काही नाही. एकच करता येईल. मी क्लेम मागे घ्यायचा. पैसे मिळणार नाहीत. गाडी राहील.

त्याच्या बोलण्यात कुठे खोट सापडते का बघितलं. अजून बघतेय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
कंपनीला अर्ज लिहायला पाच कागद लागले. पहिल्यावर लिहिलं, गाडी मागे गेली. दुसऱ्यावर, गिअर पडला. तिसऱ्यावर चिऱ्यांबद्दल फार लिहिलं गेलं. चौथ्यावर चहा सांडला, आपोआप. पाचव्यावर: गाडी मी चालवत होते. धडक मी दिली. क्लेम मागे घेत आहे.

बाबांना वाचून दाखवलं. विचारलं, तुमका कधीपास्ना म्हायत होता? म्हणाले, आवाज येयलो तेव्हाच. नारळ पडताना ब्रेक दाबणा नाय.

मग माका इचारलास कित्याक नाय?

तू सांगशीत म्हणान वाट बघी होतंय. पंचवीस दिस बघलंय. तू माका सांगूक नाय, मगे मी खंय जातलंय? देवाकडेच.

किल्ली त्यांच्या समोर ठेवली. म्हटलं, सुशांतला द्यायची तर द्या. बाबा चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, तेका दिलंय तर तो विकतलो. तू आपटतलंस, पण विकूची नाय.

हे कौतुक आहे का, ते नीट कळलं नाही. कौतुक म्हणूनच नोंद करते.

७ डिसेंबर, रविवार
बाबलीने अठ्ठावीस हजारांतच गाडी उभी केली, माझ्या खर्चाने. सगळे पार्ट ठिपक्यांसकट परत. मडगार्डचा निळा रंग मूळच्याहून थोडा गडद आलाय. उन्हात दिसतो. सावलीत नाही.

आज बाबांना घेऊन कणकवलीपर्यंत चालवली. ते मागे बसले. पुढे बसा म्हटलं, तर म्हणाले, मागे वारो बरो लागता. वाटेत एकदाच रिव्हर्स घ्यावा लागला, पेट्रोल पंपावर. घेतला. पंपावरचा माणूस बाजूला झाला, पण तो तसाही जाणारच होता.

आरशात बघितलं तर बाबांचे डोळे मिटलेले, ओठ हलतायत. विचारलं, भिताशात काय? म्हणाले, नाय गो, झोप येता.

पुन्हा बघितलं. त्यांनी दाराचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, बोटं पांढरी पडेपर्यंत. संशय घेण्यासारखं त्यात काही नाही. झोपेत माणूस काहीतरी धरतोच.