अख्ख्या मसाल्याची नक्कल

कुंडल

प्रिय संयोगिता,

फोन असताना वहिनीला पत्राचं कुठून सुचलं, असं म्हणशील. वाच तर.

यंदाचा कांदा-लसूण मसाला झाला. घर अजून शिंकतंय. दिवाळीत तू आमच्या लेकीला पेशी शिकवत होतीस, ते मी शंकरपाळ्या तळता तळता सगळं ऐकलं होतं. केंद्रकात सगळी माहिती असते, ती तिथून हलत नाही. लागेल तेवढ्याच भागाची नक्कल घेऊन आरएनए बाहेर येतो, रायबोसोम ती वाचत अमिनो आम्लं एकापुढे एक जोडून प्रथिन बनवतो, आणि काम झालं की ती नक्कल मोडून जाते. मला हसूच आलं. अगं, हे तर आपल्याच घरचं. आई माजघरातून हलत नाहीत, मी हेलपाटे घालते आणि कांडपवाला बिरदेव डंकावर मसाला कुटतो. धण्याचं प्रमाण धण्याच्या वेळी, खोबऱ्याचं खोबऱ्याच्या वेळी. अख्खा मसाला त्यांनी कधी सांगितला नाही, ना मला ना तुला. संध्याकाळपर्यंत मीही सगळं विसरून जाते. एका वर्षी मी मीठ चुकून दोनदा सांगितलं आणि बिरदेवनं मुकाट्यानं दोनदा घातलं, आठवतंय ना? वर्षभर खारट कालवण खाल्लं सगळ्यांनी. रायबोसोमही तसाच, आलेल्या निरोपाला उलट विचारत नाही. मूळ प्रमाण मात्र आईंकडे शाबूत होतं.

खरं सांगते, ते माझ्या मनाला लागायचं. लेक दहावी झाली तरी मी आपली निरोप पोचवणारीच.

यंदा आईंनी मला समोर बसवलं आणि मिरचीपासून हिंगापर्यंत सगळं सांगितलं, परत माझ्याकडून म्हणूनही घेतलं. तब्येत ठणठणीत आहे त्यांची, घाबरू नकोस. एका पेशीच्या दोन होताना अख्ख्या माहितीची नक्कल होते, असं तू म्हणाली होतीस. ते ऐकताना मला काही वाटलं नव्हतं. परवा मात्र न्हाणीघरात जाऊन आनंदानं रडले.

मग तुझी आठवण आली. लग्नाआधीपासून तू आईंच्या मागे लागली होतीस, आणि मिळालं मला. फोनवर तुझा आवाज पडला असता तर मला सोसलं नसतं, म्हणून हे पत्र. संयोला सांगू का, असं मी आईंना भीत भीत विचारलं. कांदे निवडता निवडता त्या म्हणाल्या, "आता मला काय इचारतीस? तुज्याकडं हाय न्हवं, तुजं तू ठरव."

मी ठरवलंय. सुट्टी लागली की ये आणि माझ्यासमोर बस.

मिरचीपासून हिंगापर्यंत तुझीच,
राजेश्वरी वहिनी