टिटवाळ्याचा कोबी

ठाणे, ८ जानेवारी २०२५

ति. ह्युबर्टदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. तुझे कोबी रविवारी मिसानंतर चर्चच्या आवारात हातोहात गेले. माझ्या भावाच्या मळ्यातले, फवारणी नाही, फक्त मुरलेलं शेणखत, असं मी प्रत्येकाला सांगितलं. रिटायर झाल्यावर तुला शेती जमेल असं वाटलं नव्हतं हं!

पण निकोल आजारी आहे. कालपासून जुलाब, त्यात रक्त. दवाखान्यात दाखल केलंय. माझी ही नात कोबी कच्चाच खाते, मीठ लावून. सून लॉरा तुझ्या कोबीवर संशय घेते. मी तिच्यावर चिडले. तरी विचारते, खत नीट कुजलेलं होतं ना?

माया आहे तशीच ठेव.
तुझी अँजेला

टिटवाळा, ११ जानेवारी

चि. अँजेलास,
अ. उ. आ.

निकोलसाठी रोज रोझरी म्हणतोय. खत सहा महिने खड्ड्यात मुरवलेलं, काळं, भुसभुशीत. बाबा घालायचे तसंच. तुमच्या घोडबंदर रोडला टँकरचं पाणी, पोरं बाहेरचं काय काय खातात. लॉराला म्हणावं, आधी ते बघ.

जिवाला जप, लोभ ठेव.
दादा

ठाणे, १५ जानेवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तपासणीत गुरांच्या शेणातून येणारा जंतू निघाला. निकोलच्या किडन्यांवर परिणाम झालाय, लघवी जवळजवळ थांबलीय. शेजारच्या व्हॅलेंटाईन अंकलनाही तोच त्रास. ज्यांनी कोबी नेले त्या सगळ्यांना फोन करून ते टाकून द्यायला लावले. का, ते मात्र मला सांगता आलं नाही.

दादा, मला भांडायचं नाही. डॉक्टरांना नक्की काय ते कळायला हवं. खरं लिही.

तुझीच,
अँजेला

टिटवाळा, १८ जानेवारी

चि. अँजेलास,
अ. उ. आ.

मी खोटं लिहिलं. मुरलेलं खत नोव्हेंबरातच संपलेलं. गड्डे मुठीएवढेच राहिलेले, तू लोकांना शब्द दिलेला, आणि मला मिरवायचं होतं. शेजारी भिवाचा तबेला आहे. तिथलं ताजं शेण पाण्यात कालवून वरून ओतलं, काढणीच्या जेमतेम पंधरा दिवस आधी. भिवाने अडवलेलं, कच्चं आहे म्हणाला. मी त्यालाच शेती शिकवली.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलेलं. तरी टँकरवर ढकललं.

उरलेले गड्डे काल उपटून पुरले. हे पत्र डॉक्टरांना दाखव. भिवाच्याच हाती पाठवतोय, पोस्टाची वाट बघवत नाही. उद्या मिसानंतर सगळ्यांसमोर मीच सांगतो. खोटी तू नव्हतीस.

लोभ ठेव म्हणायला तोंड उरलं नाही.
ह्युबर्ट

ठाणे, ३० जानेवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तू आवारात बोललास, काहीच लपवलं नाहीस. व्हॅलेंटाईन अंकल आता बरे आहेत, पण माझ्याशी बोलत नाहीत. गेल्या रविवारी माझ्या बाकावर कुणी बसलं नाही.

निकोल मंगळवारी घरी आली. दर महिन्याला रक्त तपासायचं आहे. किडन्या पूर्ण सुधारतील की नाही, हे डॉक्टर आजही सांगत नाहीत.

आवारात बोललास त्याच दिवशी तू हॉस्पिटलच्या दारापर्यंत येऊन परत फिरलास, ते लॉराने वरून पाहिलेलं. मला आज सांगितलं. निकोल तुझी आठवण काढते. लॉरा म्हणाली, मामांना येऊ देत. पण रिकाम्या हाताने.

वाट बघते.
अँजेला