सेवास्तीनं उतरायचं कुठं

बाल्टिमोर,
२ मार्च १९९६

ती. ताईस,
सेवास्तीचा सा. न. वि. वि.

बातमी आधी सांगते, ख्यालीखुशाली मागून. या ऑगस्टात मी येतेय. चौतीस वर्षांनी! देवमातेच्या जत्रेच्या आधी चार रात्री, नंतर चार. मानोलीस येत नाही. आपण आठ दिवस हललो तर आमच्या उपाहारगृहात कुणाला अंडंसुद्धा तळता येणार नाही, अशी त्याची पक्की समजूत आहे.

मी आईच्या घरातच राहणार. तुझं लग्न झालं तेव्हा रीतीप्रमाणे ते तुझं झालं, हे मला ठाऊक आहे. थोरलीला घर मिळालं, धाकटीला आगबोट. पण इतकी वर्षं आईची आठवण आली की ती मला त्याच घरात, चुलीशी बसलेली दिसते. भाऊजी गेले, तुझी लेक कालित्साही लग्न करून रोड्सला गेली, म्हणजे तू आता एकटीच असशील. मला खाली जमिनीवर टाकलंस तरी चालेल. सवय आहे.

तब्येत सांभाळ. माया आहेच, ती ऑगस्टपर्यंत पुरवून ठेव.
तुझी,
सेवास्ती


कार्पाथोस,
१९ मार्च

चि. सौ. सेवास्तीस,
रिगोपूलाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी अशी ओरडले की निकोलासच्या कॉफीच्या दुकानातले म्हातारे सोंगट्या टाकून उठले. ये बाई, लवकर ये. मी कणीक भिजवायला आत्ताच बसते.

राहण्याचं मात्र नीट ठरवू. आपलं गाव उंचावर, वारा कसा असतो तू विसरलीस. नळाला दिवसाआड पाणी. शिवाय छताची माती गळते. तू आता गरम पाण्याची माणूस. खाली बंदरावर पोपीनं खोल्या बांधल्यात, स्वच्छ आहेत, खिडकीतून समुद्र. नाहीतर मोठ्या गावात हॉटेल आहे, त्याला लिफ्टसुद्धा आहे. नाहीतर पाद्र्यांच्या बायकोकडे वरचा मजला रिकामाच असतो. मी रोज येऊन तुझ्याशी बसेन. पोपीला विचारून ठेवू का?

मानोलीसला आशीर्वाद सांग. अंड्यांना जप म्हणावं.
तुझी थोरली,
रिगोपूला


बाल्टिमोर,
४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा माझ्या कपाळाला आठी पडली.

पोपीच्या बकरीनं तुझा घेवड्याचा वेल खाल्ला म्हणून तू वीस वर्षं तिच्याशी बोलत नव्हतीस. आज तिच्या खोल्या स्वच्छ झाल्या? ऑगस्टात पाऊस नसतो, मग छत गळतं कसलं? एका पत्रात तू मला तीन बिऱ्हाडं दाखवलीस, आपलं तेवढं सोडून. आणि मघाशी पाकीट न्याहाळलं तर तुझा पत्ता निकोलासचं दुकान! पत्रं पूर्वी घरी यायची. मी जन्मभर गिऱ्हाइकांची तोंडं बघत आलेय, कोण काय लपवतंय ते मला कळतं.

घराचं काय झालं, ताई? विकलंस का? सरळ सांग.

रागावू नकोस, पण उत्तर दे.
सेवास्ती


कार्पाथोस,
२३ एप्रिल

चि. सौ. सेवास्तीस,
अनेक आशीर्वाद.

घर विकणारी मी नव्हे. पुन्हा असं लिहू नकोस. पत्रं दुकानात येतात, कारण टपालवाल्याचे गुडघे गेलेत आणि तो चढ चढत नाही.

आता मी विचारते. चौतीस वर्षं तुला सवड झाली नाही, आईच्या मातीलाही तू आली नाहीस, आणि आता आठही रात्री त्याच घरात? गेल्या साली शेजारच्या मिखालीसचा भाऊ कॅनडाहून आला. दोन दिवस सगळ्यांच्या गळ्यात पडून रडला आणि तिसऱ्या दिवशी फीत काढून अंगण मोजायला लागला. रीतीला आता कायदा विचारत नाही, सगळी भावंडं सारखीच, असं तो चौकात उभा राहून सांगत होता. तुझ्या पेटीतही अशी फीत आहे का? असली तर तूही सरळ सांग.

ईस्टरची लाल अंडी केली. तुझ्या नावाचं एक बाजूला ठेवलं होतं, पण तुझं पत्र आल्यावर रागारागानं खाऊन टाकलं.
थोरली,
रिगोपूला


बाल्टिमोर,
१४ मे

ताई,

आज सा. न. नाही, वि. वि. तेवढं आहे.

विमानाच्या तिकिटासाठी गेले होते. तिथल्या बाईनं, राहायला कुठं उतरणार, असं विचारत एक माहितीपत्रक पुढं केलं. बेटावरची जुनी घरं, सुट्टीसाठी. सातव्या पानावर आपलं घर! लाकडी कठड्याचा उंच बिछाना, भिंतभर ताटल्या. निळ्या माशाची ताटली मी फोडली होती, आईनं ती तारेनं शिवली होती. ती तारसुद्धा फोटोत दिसते. खाली लिहिलंय, दोन माणसांची सोय, रोज सकाळी झाडलोट.

म्हणजे कुणी जर्मन पाहुणा झोपलेला चालतो, बहीण चालत नाही. त्या घरात मी केर काढला, तुझ्या न्हाण्याचं पाणी वाहिलं, आणि जत्रेत तू गळ्यात सोन्याची नाणी घालून नाचायला उतरायचीस. तेव्हा मी तोंडातून शब्द काढला नाही. आता काढते. हो, फीत आहे. इथल्या वकिलाकडून कागद करून आणलाय, अर्ध्या वाट्याचा. आणि त्या बाईकडून आठ रात्रींसाठी आपलंच घर मानोलीसच्या नावानं ठरवलंय. बघू मला दारातून कोण परत पाठवतं.
सेवास्ती


कार्पाथोस,
१ जून

चि. सेवास्तीस,
आशीर्वाद, घेणार असलीस तर.

घर माझं नाही. कालित्सा रोड्सला गेली तरी थोरली तीच. लग्नाच्या दिवशी किल्ली मीच तिच्या हातात दिली, हसत हसत. वर्षभर कुलूप होतं, मग जावयानं ते पाहुण्यांना द्यायला काढलं. मी गावाखालच्या शेतावरच्या खोलीत राहते. तिथवर टपाल येत नाही.

आणि रोज सकाळी झाडलोट करणारी बाई, ती मीच. पोरीनं सांगितलं नव्हतं, मीच म्हटलं की परकी बाई नको. परक्यांच्या चादरी बदलते, ताटल्या पुसते, दुपारी दोनच्या आत बाहेर पडते. तुझ्या हातातला झाडू आता माझ्या हातात आलाय, आणि तो तू बघू नयेस म्हणून पोपीची एवढी स्तुती केली. बाकी काही नाही. लाज वाटली, एवढंच.

आता ये, कागद घेऊन ये.
रिगोपूला


बाल्टिमोर,
१७ जून

ती. ताईस,
सेवास्तीचा सा. न. वि. वि. पूर्ववत.

पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. मानोलीस घाबरला, त्याला वाटलं कुणी गेलं. तुझ्यावर मी नाही नाही तो संशय घेतला. माझी जीभ झडो.

पण त्या पोरीला मी सोडणार नाही. आईला शेतात टाकून घरात पाहुणे झोपवते? कागद मी फाडत नाही, तो आता तिच्याकडे वळवते. अर्धं घर मागते, आणि माझ्या अर्ध्यात तू राहा. कठड्याच्या बिछान्यात, पूर्वीसारखी. तू फक्त हो म्हण.

उत्तराची वाट बघतेय. चूक पदरात घे, लोभ असू दे.
तुझी,
सेवास्ती


कार्पाथोस,
२ जुलै

चि. सौ. सेवास्तीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

नाही म्हणते. पोरीला हात लावू नकोस. तिनं माझ्याशी जे केलं ते मी आईशी केलं. तू गेल्यावर माझं लग्न झालं, त्या संध्याकाळी आई दोन गोधड्या घेऊन शेतावरच्या याच खोलीत आली, आणि मी नाचत होते. अठरा हिवाळे तिनं इथं काढले. तिचे पाय थंडीनं आखडायचे, हे मला शेजारणीकडून कळलं. ती गेली तीही इथंच. तू तिला चौतीस वर्षं त्या चुलीशी बसवून ठेवलंस, आणि मी दहा मिनिटांच्या अंतरावर असून तिला कधी विचारलं नाही की आई, तुला इथं कसं वाटतं. आता मला ते कळतं, पण सांगू कुणाला?

त्या घराचे दिवस तू ठरवलेच आहेस, तर खुशाल राहा. सकाळी येऊन तुझीही चादर मी बदलेन, मला आता त्याचं काही वाटत नाही. पण तुला आईकडे राहायचं असेल, सेवास्ती, तर वर चढू नकोस. बंदरावरून येताना अंजिराच्या झाडापाशी खाली वळ. खोली लहान आहे, दोघी मावू.

जपून ये. लोभ तेवढा आपल्या दोघींत अर्धा अर्धा.
तुझी ताई,
रिगोपूला