नियम बारावा : मागे जाणे नाही

१ डिसेंबर २०२४, रविवार. सकाळी ६.१०

नवी वही. नवं पेन. निश्चय : रोज लिहिणे, पहाटे उठणे, चहा एकच.

काल निकेशने ट्रेलर आणून दिला. निकेश हिंगणघाटला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. कॅम्पर त्याने पहिल्यांदाच केला. गाडीमागे जोडायची चाकावरची खोली : दोघांपुरती गादी, मागच्या दाराशी गॅसचा ओटा, वर पंखा. उभा केला की किंचित डावीकडे कलतो. निकेश म्हणे, सामान भरलं का बराबर होते साहेब.

आता शरयूला समुद्र दाखवणार म्हणजे दाखवणारच. आमच्या या बाईने एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आखात, उपसागर, भरती-ओहोटी, सगळं फळ्यावर. समुद्र मात्र पाहिलेला नाही. यात माझा दोष नाही. लग्न ८८ चं. ८९ साली जाणारच होतो, तर ऑडिट आलं. पुढे मार्च एंडिंग. मार्च दरवर्षी येतो, त्याला मी काय करणार? 'पुढच्या वर्षी नक्की' असं मी म्हटलं होतं आणि तो शब्द मी आजतागायत मागे घेतलेला नाही.

ट्रेलरला प्रदक्षिणा घालून शरयू म्हणाली, आधी हा चार दिवस नीट चालवून दाखवा, मग मी बॅग भरते. म्हणजे तत्त्वतः मंजुरी.

१० जानेवारीला मालवणकडे कूच. त्याआधी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात ट्रायल.

(चहा दोन झाले. पाहुणा म्हणून निकेश मुक्कामी होता.)

४ डिसेंबर, बुधवार

कॅरव्हॅनची, म्हणजे मालवणला एकत्र जाणाऱ्या ताफ्याची, पहिली सभा आमच्याकडे. तीन ट्रेलर, तीन जोडपी. आम्ही. बँकेतून रिटायर झालेले प्रफुल्ल थूल आणि त्यांच्या सरिताबाई. आणि नाचणगावचा रूपराव, बायको मंदाबाई. रूपराव एस.टी.त चौतीस वर्षं ड्रायव्हर होता. मंदाबाई शरयूच्या शाळेत शिपाई, त्या ओळखीतून ही भरती. मला विचारलं नव्हतं. असो.

अध्यक्ष : मी. एकमताने. (प्रफुल्ल फोनवर होते, रूपराव चिवडा खात होता. हरकत कोणी घेतली नाही.)

गाड्यांचा क्रम हा नाजूक विषय. मी तो सेवाज्येष्ठतेने लावला. मी ८३ चा, प्रफुल्ल ८६ चे. रूपराव ८१ ला लागला असं निघालं, तेव्हा जरा पंचाईत झाली. पण ड्रायव्हरची यादी वेगळी असते, दोन याद्या एकत्र होत नाहीत, हे मी सर्वांना समजावलं. सबब मी पहिला, प्रफुल्ल दुसरे, रूपराव शेवटी. रूपराव म्हणे, आपल्याले काई फरक नाई पडत साहेब, चिवडा मस्त हाय.

शरयूने विचारलं, रस्ता ज्याला पाठ आहे तो सगळ्यात मागे का? मी म्हटलं, नेतृत्व वेगळं आणि ड्रायव्हिंग वेगळं. तिने कपबशा उचलल्या. पटलं असावं.

एकूण अकरा नियम. ओव्हरटेक नाही. वेग पस्तीसच्या आत. शिट्टी वाजल्यावर थांबणे (शिट्टी अध्यक्षांकडे). नियम सातवा : मागच्या गाडीने पुढच्या गाडीस मार्ग सुचवू नये. परिपत्रकाच्या तीन प्रती काढल्या.

८ डिसेंबर, रविवार

ट्रेलर रिव्हर्स घेण्याचा सराव. गाडी डावीकडे वळवली की हा गृहस्थ उजवीकडे जातो. उजवीकडे वळवली की डावीकडे. कचेरीतसुद्धा असा उलटा माणूस मी पाहिला नाही. सहाव्या खेपेस तुळशी वृंदावनाला लागला. फार नाही, एक कोपरा आणि वरचा दिवा.

रूपराव योगायोगाने आला होता. म्हणे, साहेब, हात स्टेअरिंगच्या खालून धरा, जिकडे ट्रेलर न्यायचा तिकडे हात न्या, दोन दिवसात येऊन जाते. मी म्हटलं, आधी थिअरी वाचतो. तर शरयू पदर खोचून म्हणाली, मला दाखवा रूपरावजी. तिने २०११ ला लायसन्स काढलंय, पण गाडी मी तिच्या हाती कधी दिली नाही. गाडीला एकाच हाताची सवय असावी. आजही दिली नाही. चावी घेऊन देवळात गेलो.

देवळात सुचलं. प्रवासाला निघालेल्या माणसाने मागे जायचंच कशाला? हे आधी कोणाच्या लक्षात कसं आलं नाही! नियम बारावा : मागे जाणे नाही.

१५ डिसेंबर, रविवार

रोज लिहायचं राहिलं. थंडी होती.

शरयूने बॅग काढून ऊन दाखवलं. बॅगेच्या कप्प्यात सुपारीच्या पुडीसोबत ९४ चं रेल्वेचं टाइमटेबल सापडलं. तिने ते टाकलं नाही, परत ठेवलं. का, ते विचारलं नाही. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण यंदा मी पक्का आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार. नाचणगाव

निघालो! वेळ सकाळी सातची, प्रत्यक्षात दहा वीस. शिट्टी सापडत नव्हती.

प्रवास अत्यंत शिस्तीत. देवळीपुढे माझ्या गाडीच्या मागे रांग लागली : दोन एस.ट्या, कापसाचे ट्रक, एक वरात. वरातीतले लोक नाचत नाचत आमच्या पुढे गेले. लोकांना आपल्याकडे शिस्तीचं कौतुक नाही.

मुक्काम रूपरावच्या वावरात. मंदाबाईंनी झुणका-भाकर केली. मी लवकर आडवा झालो. सामान भरूनही ट्रेलर डावीकडेच कलतो. शरयू उजवीकडे झोपते, ती घरंगळत माझ्यावर येते. म्हणाली, चौतीस वर्षांत एवढे जवळ आलो नव्हतो. आणि हसली. छत्तीस वर्षं झाली लग्नाला, पण मी दुरुस्ती केली नाही. बरं वाटलं.

२२ डिसेंबर, रविवार. आष्टीच्या अलीकडे

आजची नोंद सविस्तर करणे भाग आहे. उद्या कोणी वेगळंच सांगायला नको.

आर्वीहून आष्टीला निघालो. पुढे बाजाराची गर्दी असेल म्हणून मी मोबाइलचा नकाशा पाहून डावीकडे वळलो. मागून रूपरावने हॉर्न दिला. मोठा, तीनदा. नियम सातवा! मी लक्ष दिलं नाही. प्रफुल्ल माझ्यामागे आले, त्यांच्यामागे रूपराव. बिचाऱ्याने नियम पाळला.

ती पांदण निघाली. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, तारेचं कुंपण, मधून बैलगाडीपुरती वाट. अर्धा किलोमीटर आत गेल्यावर समोरून बैलगाडीच आली. गाडीवर मनकर्णाबाई नावाची म्हातारी, मागे संत्र्याचे क्रेट. तिने आधी तिन्ही खोल्या मोजल्या. मग म्हणे, हे काय बाप्पा, बिऱ्हाड घेऊन कुठी चालले? रस्ता काऊन अडवून राह्यले? मांगं घ्या.

मी खाली उतरून शांतपणे सांगितलं की आमच्यात मागे घेत नाहीत. तसा नियम आहे. परिपत्रक दाखवलं. म्हातारीने ते उलटं धरलं आणि बैलाला दाखवलं. म्हणे, अवं, बैलबी येळ पडली का मांगं सरकते, तुमी कोन लागून गेले?

प्रफुल्ल हसले. शरयूसुद्धा. हे मला लागलं. मी म्हटलं, पुढे वळायला जागा असेल, मी पाहून येतो. चावी गाडीलाच राहिली, तेवढी एक चूक मान्य.

पुढे जागा नव्हती. नाला होता. नाल्यापाशी बसून परिस्थितीचा सर्वांगीण विचार केला. दोन तास लागले. परत येतो तो पांदणीत कोणी नाही! जीव चरकला. धावत डांबरी रस्त्यावर आलो. तिन्ही ट्रेलर ओळीत उभे, तोंड आष्टीकडे. माझ्या गाडीच्या स्टेअरिंगवर शरयू.

सरिताबाईंनी सांगितलं ते असं : रूपरावने आधी आपली जीप मागे नेली, मग प्रफुल्लची गाडी. आमच्या गाडीकडे वळला तेव्हा शरयू म्हणाली, थांबा, ही मी घेते. रूपराव मागे चालत हात दाखवत होता, थोडं अजून, थोडं अजून बाई. दोनदा कुंपणाला लागता लागता राहिली. तिसऱ्यांदा सरळ बाहेर. मनकर्णाबाईने बैलगाडीवरून टाळ्या वाजवल्या आणि पिशवीभर संत्री दिली.

माझ्या अनुपस्थितीत निर्णय घेतले गेले, हे मी तोंडी नोंदवलं. शरयूचा चेहरा लाल झाला होता. मला म्हणाली, अहो, जमलं मला! इतकी खूश मी तिला आमची लेक चारुता झाली तेव्हा पाहिली होती. मी म्हणालो, क्लच जास्त दाबलास, जळका वास येतोय.

वास येत नव्हता. का बोललो कोण जाणे.

संत्री गोड होती. एकच खाल्लं.

२३ डिसेंबर, सोमवार. पवनार

धाम नदीच्या काठी मुक्काम आणि सभा. विषय एकच, मालवणला जायचं की नाही. सर्वानुमते जायचं. मग प्रफुल्ल म्हणाले, क्रम बदलू. रूपराव पुढे, शरयूताई मध्ये गाडी चालवतील, मी शेवटी. मी विचारलं, आणि मी? सगळे नदीकडे बघायला लागले. रूपराव म्हणे, साहेब, तुमी बाईच्या बाजूले बसून नकाशा पाहाजो, मस्त आराम करजो.

नकाशा!

मी जागच्या जागी राजीनामा दिला. लेखी. नोकरीत एकदा दिला होता तेव्हा तीन वरिष्ठ घरी समजूत काढायला आले होते. प्रफुल्लनी वाचला, खिशातून पेन काढलं आणि 'मंजूर' लिहून सही केली. बँकेतली सवय.

शरयूने बाजूला नेऊन विचारलं, बाजूच्या सीटवर बसून येता का? मी म्हटलं, राजीनामा दिलेला माणूस कोणत्या तोंडाने येईल? ती म्हणाली, ह्याच तोंडाने या की. माघार घेणं स्वभावात नाही.

१० तारखेपर्यंत येतील सगळे विनवायला. माझ्यावाचून परिपत्रक कोण काढणार?

९ जानेवारी २०२५, गुरुवार

अजून कोणी आलं नाही. शरयूने बॅग भरली, लोणचं, स्वेटर, माझासुद्धा एक स्वेटर. मी तो काढून कपाटात ठेवला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१० जानेवारी, शुक्रवार. सकाळी ७.०५

सातला निघाले. सातला म्हणजे बरोब्बर सातला. शिट्टीशिवाय.

शरयूने फाटकातून ट्रेलर रिव्हर्स काढला. वृंदावनाला वीतभर जागा सोडून. मी हात दाखवत होतो, तिने आरशात पाहिलं. डबे कुठे आहेत ते सांगितलं, गोळ्या सांगितल्या. चार्ज दिला म्हणायचा. रात्रीपर्यंत परत येईल असा अंदाज आहे. यवतमाळच्या पुढे काही ती जायची नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

शरयूचा लातूरहून फोन. तीळगूळ घ्या म्हणाली, फोनवरच. मग म्हणाली, अहो, कोल्हापूरची गाडी वर्ध्यावरूनच जाते. या ना. आम्ही कोल्हापूरला एक दिवस थांबतो तुमच्यासाठी. रूपरावजी स्टेशनवर घ्यायला येतील.

मी म्हटलं, माझी इथे मीटिंग आहे.

कसली, असं तिने विचारलं नाही. बरं झालं. मीटिंग नाही.

१५ जानेवारी, बुधवार

पूर्ण विचाराअंती निर्णय : पहिल्या विचारणेवर होकार देणं कमीपणाचं, दुसऱ्यावर घाईचं. तिसऱ्यांदा विचारलं की लगेच हो म्हणायचं. स्वेटर कपाटातून काढला. बॅग भरली. ९४ चं टाइमटेबल ती टेबलावर ठेवून गेली आहे. त्यात पाहिलं, मग स्टेशनवर जाऊन आजचं विचारून आलो. फोन चार्जिंगला लावून जवळच ठेवला आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज ते कोल्हापूरला थांबलेत. आपण होऊन फोन करावा का? नको. त्यांना वाटेल, मागे आला.

१९ जानेवारी, रविवार. सायंकाळी ५.४०

मालवणहून फोन आला. पहिल्याच रिंगला उचलला. शरयूला धड बोलता येईना. म्हणाली, अहो, पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं, हे पुस्तकात नव्हतं हो. मुलांना मी हे कधी सांगितलंच नाही. मग म्हणाली, थांबा, ऐकवते. फोन समुद्रापुढे धरला. मला नुसतं खरखर ऐकू आलं. मी म्हटलं, हो, आला आवाज, छान आहे.

ती म्हणाली, सगळ्यांनी आणखी खाली कन्याकुमारीपर्यंत जायचं ठरवलंय. मार्चमध्ये परत. मी म्हटलं, मार्च का, बरं. मी बॅगेशेजारीच उभा होतो. म्हटलं, आता विचारेल. मधे ती थोडा वेळ थांबलीसुद्धा. मग म्हणाली, वरण-भाताला कुकरच्या तीन शिट्ट्या, बीपीची गोळी जेवणानंतर, ठेवते.

'येता का' असं विचारायचं राहिलं तिचं. रेंज गेली असावी.

बॅग तशीच भरलेली राहू दे. पुढच्या वर्षी नक्की.