ताईच्या गच्चीवरची छत्री

३ फेब्रुवारी

चि. धाकटोबास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस, म्हणून लिहिते. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, लेकाकडे दोन महिने आयतं बसून खायला मिळतंय, हे वाचून बरं वाटलं. पण ती उपग्रहाची छत्री माझ्या गच्चीवर रोवलीस आणि जाताना रेडिओचा डबाही माझ्या स्वयंपाकघरात ठेवलास, त्याला काय म्हणू? घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! तुझ्या घरातून आकाश दिसत नाही, हा काय माझा गुन्हा?

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलीस. आता निवांत चार पुस्तकं वाचावीत, तर ते नाही. उपग्रहावरून तीनशे रेडिओ केंद्रं पकडतोस आणि त्यातल्या दहांचीसुद्धा भाषा तुला कळत नाही. कळत नाही ते ऐकायचं आणि वहीत वेळ टिपून ठेवायची, याला छंद म्हणतात होय रे?

माझी लेक टिटवी त्या रेडिओपायीच वाया गेली. मी तीस वर्षं जिथे मुद्रितं तपासली, त्याच छापखान्यात तिला चिकटवली, तर बाईसाहेब राजीनामा देऊन बातम्या वाचायला परमुलखात! चार वर्षं मी तिच्याशी बोललेले नाही, बोलणारही नाही. एका घराण्यात एक मूर्ख पुरे होता.

छत्री कधी काढतोस ते कळव. डोळ्यांत औषध वेळेवर घाल.

तुझी
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

शिव्या पोचल्या, प्रकृतीला मानवल्या. छत्री काढतो, पण आधी एक गोष्ट सांगतो. लपवली म्हणून रागावशील, तर रागाव.

डब्यावर सहा नंबरला टिटवीचं केंद्र आहे. तिचा आवाज आधी उपग्रहावर जातो, तिथून गावोगावच्या मनोऱ्यांवर, आणि मग लोकांच्या रेडिओत. सव्वाचारला बातम्या दोन मिनिटं थांबतात, तेव्हा प्रत्येक गाव आपापल्या जाहिराती लावतं. लोकांना जाहिराती ऐकू येतात. पण आपण थेट उपग्रहावरून घेतो ना, आपल्याला त्या दोन मिनिटांत तिची खोली ऐकू येते. खुर्ची करकरते, ती पाणी पिते, यंत्रावरच्या माणसाशी बोलते. ताई, इकडे येण्याआधी महिनाभर मी तुझ्या गच्चीवर बसून ऐकलं, पोर सारखी खोकत होती. बातम्या वाचताना दाबून धरते आणि त्या दोन मिनिटांत खोकून घेते.

हे महिनाअखेरपर्यंतच. एक मार्चपासून केंद्र उपग्रह सोडून तारेवरून आवाज पाठवणार आहे. मग माझी छत्री तुझ्या उन्हाळी वाळवणाला घे.

माया कमी करू नकोस, एवढंच मागणं.

धाकटा

१४ फेब्रुवारी

चि. धाकटोबास अ. आ.

लोकांच्या खोलीला कान लावून बसतोस, लाज नाही वाटत? मी तुझ्या डब्याला हात लावणार नव्हते. धूळ पुसताना बटण दाबलं गेलं, त्याला माझा इलाज नाही. सहा नंबरही तसाच लागला. आवाज तिचाच. वाक्याच्या शेवटी दम पूर्वीही पुरत नव्हता, आताही नाहीच.

आता मुकाट्याने वाच. परवा मी छत्रीच्या दांड्यावर ओली चादर वाळत घातली. एवढं मोठं धूड, त्याचा काहीतरी उपयोग नको? तर ते फिरलं, आणि डबा ‘सिग्नल नाही’ एवढंच म्हणतो. खांबावर कुणी खडूची रेघ ओढली होती, तीही मी त्याच दिवशी घासून काढली. छत्री कुठल्या बाजूला फिरवायची? मला काही नडलेलं नाही. आल्यावर तू भोकाड पसरशील, म्हणून विचारते.

ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

अगं बाई, ती रेघ हीच तर खूण होती! तीन दिवस खपलो होतो तिच्यासाठी. तुझ्या स्वच्छतेपुढे हात टेकले.

असं कर. डबा गच्चीच्या दारात आण, सहा नंबर लाव, आवाज मोठा ठेव. तेरा नंबरचा पाना डब्यामागे आहे, त्याने खांबावरचा नट जरासा सैल कर. छत्री पाण्याच्या टाकीच्या दिशेने तांदळाच्या दाण्याएवढी सरकव आणि दहा आकडे मोज, कारण डबा उशिरा जागा होतो. नाही लागलं, तर पुन्हा एक दाणा. घाई केलीस तर हाताशी आलेलं पुढे निघून जाईल. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून काळजी वाटते.

दिवस नऊच उरलेत. शिडी धरायला शेजारणीला बोलाव, हट्ट करू नकोस.

धाकटा

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ

चि. टिटवीस आशीर्वाद.

चार वर्षांनी आईचं पत्र आलं, म्हणून हुरळून जाऊ नकोस. चुका काढायला लिहिते आहे.

तू आकडे गिळतेस. वाक्य संपायच्या आत दम संपतो. पुराच्या बातमीत माणसांची संख्या आधी सांगायची, गुरांची नंतर, एवढं तुला कुणी शिकवलं नाही? काल तू यंत्रावरच्या माणसाला म्हणालीस, हा कागद माझ्या आईने बघितला असता तर लाल शाईने रंगवला असता. खोटं आहे. मी तो फाडला असता.

आणि तो खोकला. सव्वाचारला पाणी पिऊन दाबतेस, पण आत घरघरतंय. आज तर दोनदा खोकलीस. दुसऱ्या वेळी पेला लवंडला आणि तू ‘आई गं’ म्हणालीस. डॉक्टरकडे जा, उद्याच जा. मला कसं कळलं म्हणून विचारू नकोस. तुझा मामा रिकामटेकडा आहे, आणि ते खूळ आता माझ्याही मानगुटीवर बसलंय. सहा दिवस उन्हात उभी राहून मी छत्री दाणा दाणा फिरवली. हाताला फोड आलेत. शेजारीण म्हणते, या बाईला वेड लागलं. लागू दे.

उद्यापासून डब्यात तू नसशील. तेव्हा खोकला कसा आहे, ते कागदावर लिहून कळव. चुका असल्या तरी चालतील.

तुझी
आई