कर्ज माझ्या नावावर

१२ ऑगस्ट २००४, हर्नडन (अमेरिका)
कम्युनिटी कॉलेजचं पत्र आलं. नर्सिंगला सीट मिळाली. नवऱ्याला, शिरीषला ऑफिसात फोन केला. त्याचा पहिला शब्द, "किती?" अभिनंदन वगैरे नंतर, तेही मी आठवण करून दिल्यावर.

संध्याकाळी एक्सेल उघडून बसला. दोन वर्षांची फी, पुस्तकं, युनिफॉर्म, लेकीचं, सईचं आफ्टर-स्कूल, मी सोडणार ती दुकानातली नोकरी. सगळं लाल रंगात. शेवटी म्हणाला, "चार-पाच वर्षांत वसूल होईल बहुतेक." मी म्हणजे वॉशिंग मशीनच. गेल्या वर्षी त्यानं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा एवढा महाग कोर्स केला तेव्हा एक्सेल कुठे गेलं होतं? आपला तो बाब्या.

२१ ऑगस्ट
फीचा निकाल लागला. शिरीषनं (श.) पुण्यात बाणेरला फ्लॅट बुक केलाय, इथल्या घरावर कर्ज काढून मिळालेले सगळे पैसे तिकडे गेले. मला सांगितलं बुकिंग झाल्यावर. तर फीसाठी स्टुडंट लोन, माझ्या नावावर. "माझं क्रेडिट क्लीन ठेवायला हवं गं, फ्लॅटचे हप्ते आहेत."
सही केली. दुसरा रस्ता नव्हता. सीट सोडली तर परत वेटिंग लिस्ट, आणि माझं वय काही थांबत नाही.

१९ सप्टेंबर
मंडळाचा गणपती. जोशीकाकूंनी प्रसाद वाढता वाढता विचारलं, "नर्स? अगं, तू बी.कॉम. ना?" मी तोंड उघडायच्या आत श. मधे पडला, "मेडिकल लाइनला जातेय ती." काकू खूश. डॉक्टर वगैरे समजल्या असणार. गाडीत भांडले. तो म्हणाला, "यार, खोटं कुठे बोललो?"
आजारी पडल्यावर सगळ्यांना नर्स लागते, फक्त ओळख करून द्यायला नको.

८ मार्च २००५
फ्लॅटचं रजिस्ट्रेशन पुण्यात अण्णा (सासरे) करणार. त्यासाठी इथे एम्बसीत जाऊन पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर सह्या. श.नं सुट्टी काढून तारीख ठरवली, नेमकी माझ्या हॉस्पिटल ड्युटीची. कॉलेजचा नियम कडक, एक ड्युटी बुडाली की विषय गेला. म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ या. तर म्हणे बिल्डर थांबत नाही. "आत्ता माझं नि अण्णांचं करून टाकतो. तुझं नाव नंतर घालू, काय एवढं."
गेला एकटाच.
मी त्या दिवशी एका म्हाताऱ्याला आंघोळ घातली. पाठ पुसताना तो म्हणाला, "यू हॅव काइंड हँड्स." बाथरूममध्ये जाऊन रडले. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही.

१३ मे २००६
पास. कॉलेजच्या कार्यक्रमात घरचं कुणीतरी नव्या नर्सच्या छातीवर कॉलेजची पिन लावतं. सईनं लावली, मला टोचली, दोघी हसलो. श. अर्ध्यातून आला, पार्किंग मिळेना म्हणे.
एकूण कर्ज अठरा हजार डॉलर.

११ जुलै
लायसन्सची परीक्षाही झाली, पास. सकाळी श.नं स्वतः पोहे केले होते. कांदा जळला होता. तरी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण माणूस अगदी वाईट नाही.

६ ऑक्टोबर
पहिला पूर्ण पगार. मेडिकल-सर्जिकल वॉर्ड, बारा तासांची ड्युटी, पायांचे तुकडे. पण आकडा बघून खरंच बरं वाटलं. दुकानात मिळायचे ते किरकोळ; लग्नाच्या नऊ वर्षांत असा आकडा पहिल्यांदा स्वतःचा. सईला शूज घेणार होते, स्वतःला एक घड्याळ.
श. म्हणाला, पाचवा स्लॅब पडला, बिल्डरची मागणी आलीय. जॉइंट अकाउंट. पैसे गेले.
घड्याळ राहिलं.

२० जानेवारी २००७
लोनचा हप्ता सुरू झाला, महिना एकशे नव्वद. श.ला म्हटलं, घरखर्चातून जाऊ दे. तर म्हणतो, "तुझं लोन तू बघ ना, ओव्हरटाइम मिळतो की." फ्लॅट आला की "आपला", लोन आलं की "तुझं". महिन्यातून एक जादा ड्युटी आता त्यासाठी.

२ डिसेंबर
पुण्यात वास्तुशांत. मला सुट्टी नाही, श. एकटा गेला. पूजेला अण्णा नि आई (सासूबाई) बसले. फोटो आले. दारावर पितळी पाटी, अण्णांचं नाव, खाली श.चं. सई माझ्या खांद्यावरून बघत होती. "बट यू पेड फॉर इट टू, राइट?"
म्हटलं, हो. पुढे काय सांगू तिला.
फोनवर श.ला माझ्या नावाचं विचारलं. "आता कुठे स्टँप ड्यूटी परत भरतेस!"

१७ ऑक्टोबर २००८
श.ची नोकरी गेली. अख्खा प्रोजेक्ट कॅन्सल. दिवसभर सोफ्यावर. वाईट वाटलं त्याचं, खरंच. घर सध्या माझ्या पगारावर. एक्सेल मात्र अजून त्याच्याकडेच.

९ नोव्हेंबर
आता म्हणे परत जायचं. "फ्लॅट तयार आहे, हप्ता नाही, भाडं नाही. नर्सला काय, कुठेही नोकरी."
पुण्यात सुनंदाला फोन केला. मावसबहीण, खाजगी हॉस्पिटलात मेट्रन. ती आधी हसली. "ताई, इथे आधी नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन लागेल, ते मिळेल का तेच माहीत नाही. मिळालं तर महिना आठ हजार, फार तर नऊ." रुपये. माझ्या लोनचा हप्ता रुपयांत नऊ हजारांच्या वर जातो. महिनाभर राबायचं आणि सगळा पगार इकडे पाठवायचा, तोही पुरायचा नाही.
हे श.ला दाखवलं. म्हणाला, "तू ना, निगेटिव्हच बघतेस."

५ डिसेंबर
नर्स मॅनेजरनं बोलावलं. दोन वर्षं इथेच राहीन असं लिहून दिलं तर उरलेलं बरंचसं लोन हॉस्पिटल फेडेल. पंधरा तारखेपर्यंत उत्तर हवं. कागद पर्समध्ये आहे. घरी सांगितलं. श.नं टीव्हीचा आवाज वाढवला.

१४ डिसेंबर
श.नं तिकिटं काढली. तीन, जानेवारीची, एकेरी. न विचारता. माझ्या क्रेडिट कार्डावर, कारण त्याच्या कार्डाची मर्यादा संपलीय.
मी शांतपणे विचारलं, तिकडे गेल्यावर माझं लोन कोण भरणार?
"कोण येतंय तिथे मागायला? सोडून द्यायचं. किती जण तसेच गेलेत." चहा ढवळत होता.
मला वाटलं मी ओरडेन. ओरडले नाही. बुडवायला याला माझंच नाव सापडलं.
सई जिन्यात उभी होती, सगळं ऐकलं असणार. खाली येऊन म्हणाली, "मॉम, आर यू साइनिंग दॅट थिंग टुमॉरो?"
श. माझ्याकडे बघत होता.
तिला म्हटलं, हो. आधी जेवून घे.